लागलं

नाही, टेबलावर नको ठेवू ती मशीन, टेबलाला पॉलिश केलंय – खाली ठेव, फरशीवर, तिची जागा तीच. आणि शटर अर्धं ओढून घे. पूर्ण नको, गुदमरायला होतं, अर्धं. समोरच्या घड्याळवाल्याला आपल्या दुकानात बसून दुसऱ्याच्या दुकानात बघायचा आजार आहे, आणि तू इथं आलेला त्यानं पाहिलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल – म्हाताऱ्यानं ड्रिलवाल्याला बोलावलं म्हणून. बोलावलं म्हणजे काय, सल्ल्याला बोलावलंय. हो, सल्ल्याला. हसू नकोस. मी तुझा सल्ला घेणार म्हटल्यावर मलाही हसू येतं, पण मी दाबलंय ना – तूही दाब.

हं, ही बघ तिजोरी. हात नको लावू, नुसती बघ. गिऱ्हाइकाची आहे – माझ्याकडे ठेवलीय, उघडून द्या म्हणाले, घाई नाही म्हणाले. काय? भिंतीत बसवलेली आहे, बरोबर. गिऱ्हाइकाची तिजोरी माझ्या भिंतीत कशी, असं म्हणतोस. नको तिथं बरी तुझी अक्कल चालते. बरं, माझी आहे. माझ्याच दुकानातली माझीच तिजोरी. झालं समाधान? कुलूपवाल्याची तिजोरी बंद आणि कुलूपवाला बाहेर. आता एकदाच काय ते हसून घे म्हणजे पुढचं बोलता येईल. आत काय आहे म्हणून विचारू नकोस, आत माझी हत्यारं आहेत. सगळी. आणि लोकांनी ठेवायला दिलेल्या जादा किल्ल्या. उद्या एकजण त्याची मागायला येणार आहे आणि मी त्याला काय सांगू – माझ्या तिजोरीला माझा राग आलाय?

मी तुला कधी आपल्या धंद्यातला मानलं नाही, हे तुला माहीत आहे, तोंडावर सांगितलंय. कुलूपवाला वेगळा, भोकवाला वेगळा. तू जातोस, मशीन लावतोस, घर्रर्र करून दाराला भोक पाडतोस, दुर्बीण घालून आत बघतोस आणि गिऱ्हाइकाला म्हणतोस, उघडली. कसली उघडली? फोडलीस. वर भोकात लांबी भरून रंगाचा एक हात मारायचा, की लोक खूश. लोकांचं काय, लोकांना दार उघडल्याशी मतलब. मी ज्या तिजोऱ्या उघडल्या ना, त्या तशाच्या तशा बंद होतात, आजही चालतात, माझा हात लागला होता हे त्यांना स्वतःलाही कळलेलं नसेल. आणि तू – तू गेल्यावर त्या दाराकडे बघवत नाही. हे मी रागानं नाही बोलत. तुझ्यावर रागवायला तू काहीतरी असायला पाहिजेस.

आणि तुझ्याहून वाईट ते बघे. गिऱ्हाईक म्हणजे काय, बघ्यांची जत्रा. मी डायलपाशी बसलो की घरातले सगळे मागे उभे, श्वास रोखून, एकमेकांना श्श् करत – का, तर ह्याला ऐकू आलं पाहिजे. सिनेमे बघून बघून ह्यांच्या डोक्याचा भुगा झालाय. अहो, कानाचं कामच नाही त्यात. एकानं तर मला डॉक्टरची नळी आणून दिली होती, चांगली धुऊन पुसून. कानाचं कधीच काम पडलं नाही मला, मी काम करताना आख्खा वेळ बोलत असतो – बोटांचं काम आहे ते. आत तीन चकत्या, प्रत्येकीला एक खाच, तिन्ही खाचा एका ओळीत आल्या की दांडी आत पडते. डायल फिरवताना ती दांडी चकत्यांना कुठंतरी शिवते, आणि ते डायलवर जाणवतं. किती जाणवतं? नाहीच जाणवत, असं म्हणशील तू. पण जाणवतं. आम्ही त्याला ‘लागलं’ म्हणतो. इथं लागलं, मग तिथं लागलं, त्या दोन लागण्यांमधलं अंतर जरासं कमी झालं की खाच जवळ आली. दिवस जातो कधीकधी. तुला हे सांगून उपयोग नाही, तुझ्या बोटांना मशीनच्या हादऱ्यानं मुंग्या आलेल्या असतील.

पण खरं सांगू का – निम्म्या तिजोऱ्यांना बोटंसुद्धा लागत नाहीत. माणूस किती बावळट आहे तेवढं ओळखायचं, की उघडलीच. तेच माझं खरं हत्यार. मागे एका घरी गेलो, बाप वारलेला, मुलगे तिजोरीभोवती उभे. पाळी लावून एकेक जण आपापला वाढदिवस टाकून बघत होता. थोरला झाला, मधला झाला, धाकट्यानं तर दोनदा टाकला, म्हणे बाबांचा माझ्यावर जीव होता. आणि नाही उघडली की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं – मनात आनंद, की चला, त्याचाही नाही. मी खुर्चीवर बसून चहा पीत ही मजा बघत होतो. मग उठलो आणि कारखान्यातून येतो तो नंबर टाकला, जो सगळ्या नव्या तिजोऱ्यांना असतो. उघडली. बापानं नंबर बदललाच नव्हता, कोणाचाच वाढदिवस ठेवला नव्हता त्यानं. त्या तिघांची तोंडं बघायला हवी होतीस तू. आपल्याच घरातल्या माणसाच्या मनात काय आहे त्याचा पत्ता नाही, आणि चालले तिजोरी उघडायला.

काय म्हणालास? ह्या तिजोरीचा नंबर काय होता? अरे, तो माहीत असता तर तू इथं असतास का? होता एक नंबर, वर्षानुवर्षं तोच. मग तो आमच्याकडचा नोकर काम सोडून गेला, त्याला नंबर माहीत होता, म्हणून बदलायला पाहिजे होता. बदलला. हिनं बदलला. हिनं म्हणजे तुझ्या काकूनं – माझ्या बायकोनं, आणखी कोणी? मीच म्हटलं तिला, रिकामी बसलीयस तर एवढं कर. आणि आता ती आहे बहिणीकडे, आणि तिजोरी बंद, आणि हत्यारं आत. मुद्दाम. मला धडा शिकवायला. मी तिला चांगला ओळखतो, काही बोलायची नाही, भांडायची नाही, गोड तोंडानं भाजी निवडत बसेल आणि असा दावा साधेल.

म्हणून मी तिच्या डोक्यानं विचार केला, फार जागा लागत नाही त्याला. बायका काय ठेवतात? घरच्या तारखा. आधी माझा वाढदिवस टाकला. – तोच आधी टाकणार ना, काय बघतोस? नाही उघडली. मग दुकान सुरू केलं तो दिवस. नाही. मग आमचं लग्न, त्यात वर्षाचा जरा घोळ होता, म्हणून मागचं-पुढचं दोन्ही टाकलं. नाही. मग म्हटलं, तारीख बरोबर असेल पण बाईनं नंबर बसवताना गडबड केली असेल. ती गडबड तुला कळणार नाही, सांगतो. डायलला दोन खुणा असतात – एक वरची, रोज उघडायची, आणि बाजूला एक बारकी, ती फक्त नंबर बदलताना धरायची. नवशिके बारकीच्या ऐवजी वरचीच धरतात, मग सगळे आकडे सारखे सरकतात आणि बरोबर नंबर टाकूनही दार उघडत नाही. शंभरातले नव्वद बावळट हेच करतात. तर ते सरकवूनसुद्धा सगळं टाकून बघितलं, माझा वाढदिवस सरकवून, लग्न सरकवून. नाही. गडबड केलेली नाही तिनं. नीट बसवलाय नंबर.

तिचा वाढदिवस? टाकला नाही. अरे, टाकला असता – तारीख तिच्या कागदांवर आहे आणि कागद आत आहेत. हो, आत. त्यात काय एवढं, तुला माहीत आहे तुझ्या बायकोचा? लगेच सांगितलास. बरं बरं, शहाणा आहेस. भोकं पाडून वेळ उरतो ना, पाठांतर होतं.

मग मी स्वतः बोटांनी का उघडत नाही, असं तुझ्या मनात आलंय. तोंडावर दिसतंय. एवढा बोटांचा राजा, बस की डायलपाशी, आख्खा दिवस आहे. बसलो होतो. कालही बसलो, परवाही बसलो. – लागत नाही. काय काय विचारतोस, लागत नाही म्हणजे लागत नाही. साखर आहे मला. आधी पायाची बोटं बधिर झाली, चप्पल पायातून निघून गेलेली कळायची नाही, मग हाताची. गरम कप धरतो आणि चटका बसलाय हे नंतर फोड आल्यावर समजतं. मशीनचं तुला उगाच बोललो. ह्या बोटांना आता डायल म्हणजे नुसतं गार लोखंड आहे. हे बाहेर बोललास तर बघ. एक शब्द बाहेर गेला तर तू आहेस आणि मी आहे.

नाही नाही, आत्ताचं नाहीये ते. बरीच वर्षं झाली. मग गेल्या हिवाळ्यात गोदामाची ती मोठी तिजोरी कोणी उघडली म्हणजे? मी उघडली. माझं नाव झालं ना? मग मीच. – ही होती बरोबर. ही असतेच. बॅटरी धरायला. लोकांना तेच सांगतो आणि ते खोटं नाही, बॅटरी तिच्याच हातात असते. एका हातात. दुसरा हात रिकामाच असतो माणसाचा, तर तो डायलवर. मी सांगायचो आणि ती नुसती फिरवायची. मी काय सांगायचो? सांगायचो की – फिरव. ती फिरवायची, आणि मग हळूच म्हणायची, लागलं. मी म्हणायचो, हं. मग पुन्हा फिरव. लागलं. हं. असं चालायचं. आता ह्यात कोणी काय केलं त्याचा कीस काढायला तू बसू नकोस. धंदा कोणाचा? पाटी कोणाची?

शिकली कुठं म्हणजे? शिकली-बिकली काही नाही. ह्याच तिजोरीवर, ह्याच स्टुलावर. मी चेष्टेनं बसवलं होतं तिला, म्हटलं बघ बाई तुला काही कळतंय का, लग्न होऊन एवढी वर्षं झाली, नवरा काय करतो ते तरी बघ. आणि हिनं ओल्या हातानं – भांडी घासता घासता आली होती – पदराला हात पुसला, दोन बोटं ठेवली, आणि म्हणते, अहो, इथं काहीतरी लागतंय. बरोबर तिथंच. मी म्हटलं, योगायोग. दुसऱ्यांदा म्हटलं, योगायोग. तिला वाटलं मी रागावलो, म्हणून मग ती काही दिवस मुद्दाम चुकीचं सांगायला लागली. मुद्दाम. मला कळत नाही असं तिला वाटायचं.

गेली का म्हणून विचारू नकोस, सांगतो. काहीच झालं नव्हतं. त्या मोठ्या कचेरीत गेलो होतो, काचेची दारं, गार हवा, आणि त्यांचा साहेब – स्वतःच नंबर बदलून स्वतःच विसरलेला, वर आमच्याकडेच असं बघत होता जसं काही आम्हीच विसरलो. तिनं उघडली. म्हणजे आम्ही. बराच वेळ लागला, तिची मान आखडून गेली. साहेबानं टाळ्या वाजवल्या, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि म्हणाला, ह्या बाई कोण? मी म्हटलं, काही नाही, बॅटरी धरायला आणतो, घरी तरी बसून काय करणार. हसले सगळे. मी हसवलंच होतं. मग त्याला उघड्या तिजोरीबरोबर माझा फोटो पाहिजे होता, ही मधे येत होती, तर मी म्हटलं, तू जरा बाजूला हो. झाली. बॅटरी घेऊन खांबापाशी जाऊन उभी राहिली. संपलं. ह्यात चुकीचं काय बोललो मी? फोटोत ती काय करणार होती?

परत आलो. मग ह्याच दाराशी आल्यावर, मी शटर वर करत होतो, तर म्हणते, लागलं मला. मी म्हटलं, काय लागलं? आता कुठला डायल, काम तर कधीच झालं. डोकं फिरलंय का तुझं म्हटलं. – काय बघतोस असा? मला कसं कळणार? इतकी वर्षं त्या बाईच्या तोंडून तो शब्द मी एकाच कामासाठी ऐकलेला. माणसानं बोलावं तर समजेल असं बोलावं. मला वाईट वाटलं, तुम्ही असं का बोललात – असं म्हणायला काय झालं होतं? दोन दिवसांनी आठवलं मला ते, दाढी करताना. ब्लेड ओढलं गेलं, रक्त आलं, आणि मी आपला आरशात बघून मोठ्यानं म्हणतोय, लागलं. मग थांबलो. तोपर्यंत ती बहिणीकडे जाऊन बसली होती.

फोन कर म्हणतोस. काकूला फोन करून विचारा. अगदी सोपं. तुझं सगळंच सोपं असतं. मी आयुष्यात कोणाला नंबर विचारला नाही, तो विचारावा लागू नये म्हणूनच मी हा धंदा धरला, आणि आता बायकोला विचारू? आणि विचारलं तर ती काय म्हणेल माहीत आहे का तुला? टोमणा मारणार नाही ती. मारला असता तर बरं होतं. ती म्हणेल, अहो, सांगितला होता की.

कारण सांगितला होता. – हो. सांगितला होता. झालं तुझं समाधान? मुद्दाम-बिद्दाम काही नाही. बदलला त्या दिवशी सांगितला, मी पेपर वाचत होतो, हो हो म्हटलं. मग एकदा जेवताना सांगितला, पाठ करून घ्या म्हणाली, हो म्हटलं. आणि जाताना, पिशवी हातात, तिथं – जिथं तू उभा आहेस तिथंच – उभी राहिली, तीन आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून, गोळ्यांच्या वेळा सांगितल्यासारखे, आणि म्हणाली, कळलं ना? मी म्हटलं, कळलं. तोंड दिसतंय मला तिचं. ओठ हलताना दिसतायत. साडी कुठली होती तेसुद्धा सांगतो. आकडे नाही. तीनच आकडे, आणि एकही नाही. मी तेव्हा मनात तिला काय ऐकवायचं ते जुळवत होतो.

आता कळलं तुला कशाला बोलावलंय ते? सल्ला गेला खड्ड्यात. भोक पाड. बघतोस काय, मी सांगतो म्हटल्यावर पाड. कुठं पाडायचं तेही तुला मीच दाखवतो, नाहीतर तू दहा ठिकाणी चाळण करशील – हे इथं, डायलच्या ह्या बाजूला, पेन्सिलीनं खूण केलीय बघ सकाळीच. तिजोरी काय, दुसरी घेता येते. पत्रा आहे शेवटी. त्या बाईला फोन करून मी ऐकलं नव्हतं असं सांगण्यापेक्षा मी ह्या दाराची चाळण झालेली बघेन. तू कशाला मान हलवतोस? तुझ्या मानेला विचारलंय कोणी? आख्खं आयुष्य तुला भोकं पाडू नको म्हणून शिव्या घातल्या आणि आज पाड म्हणतो, तर आज तुला लाज वाटायला लागली? आजच बरा मुहूर्त सापडला लाज वाटायला. उचल ती मशीन. उचल.

ते काय काढलंस खिशातून? फोन कशाला? कोणाला लावतोयस – तुझ्याकडे तिचा नंबर कसा? बायकोकडे आहे. तुझी बायको आणि ही बोलतात. वा. म्हणजे माझ्या घरातलं तुझ्या घरात आधी पोचतं. ठेव तो. ठेव म्हणतो ना. माझं नाव काढलंस तर बघ, मी इथं नाही म्हणून सांग, बाहेर गेलोय म्हणून सांग, तुलाच नंबर पाहिजे म्हणून – अरे, तो स्पीकर कशाला लावतोस, बंद कर, शटर उघडं आहे, सगळ्या गल्लीला –

लागला का? उचलला तिनं?

गप्प बस. तू गप्प बस जरा. ऐकू दे मला.